किल्लारीसाठी भाजलेल्या भाकरी

मंडळी, आज किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. तेव्हा आमच्या केनवडमधून घरोघरच्या भाकरी ट्रकनं तिकडे गेल्या होत्या. म्हणून आजही दरवर्षी या दिवशी प्रत्येक घर भाकरी देतं. आता या भाकरी सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना वाटतो.

यंदा माझ्या नवीन वहिनीनं आमच्या भाकरी वेगळ्या बांधून वर बाबांचं नाव लिहिलं. शेजारच्या शबाना चाचींनी गाठ सोडली अन् आमच्या भाकरी विहाराजवळच्या, मशिदीमागच्या, सगळ्या घरांच्या भाकरींत मिसळून टाकल्या.

"नाव कायले लिवलं बेटा? तवा कोनी इचारलं नव्हतं, कोन्या घरची भाकर हाय म्हून."

भूकंपानंतर जन्मलेली मी, तरी छाती फुगली. तुमच्या गावानं असं काय जपलंय?

दवाखान्यात एका आजींनी विचारलंच, "कोन्या घरच्या व माय?"

वहिनी ताठ मानेनं म्हणाली, "साऱ्या केनवडच्या!"