राहून गेलेली ओळ

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात मी साडेचार वर्षं काढली, आणि साडेचारही वर्षं कंत्राटी म्हणून. कायम कामगारांच्या ओळखपत्राची पट्टी निळी, आमची पिवळी. गेटवर, बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत लोक आधी पट्टी बघायचे, मग तोंड.

माझं काम संगणकांचं. असेंब्ली लाइनवर प्रत्येक टप्प्याला एक छोटा संगणक होता. तयार झालेल्या पार्टचा नंबर तिथला माणूस त्यात नोंदवायचा. यंत्रं जुनी होती, नवीन काही टाकलं की गुदमरायची, म्हणून मी सगळ्यांवर लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी संगणक-प्रणाली टाकली होती. ती बिनतक्रार चालत होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही नव्हती.

मग लाइनची मांडणी बदलली. यंत्रं हलली, नेटवर्कच्या केबल अपुऱ्या पडल्या. साहेब म्हणाले, "केबलची भानगडच नको. वायफाय करून टाका." खरेदी विभागानं मला न विचारताच संगणकाला लावायचे खोकंभर यूएसबी वायफाय अडॅप्टर आणले. नखाएवढे. प्रत्येकाच्या डबीत एक सीडी. आमच्या एकाही संगणकाला सीडीची खाच नव्हती, आणि सीडीत जे होतं ते लिनक्ससाठी नव्हतंच.

माझ्या जोडीला मेंटेनन्सचे एक इलेक्ट्रिशियन होते. महाळुंग्याचेच, पन्नाशी ओलांडलेले. कारखान्याला जमीन गेली त्या बदल्यात नोकरीला लागलेले, त्यामुळे पट्टी निळी. मला ताई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. मी पहिला अडॅप्टर लावला तेव्हा ते शेजारी स्टूल ओढून बसले.

"लागला का?"

"त्याला दिसतंय की काहीतरी लावलंय. पण त्याच्याशी बोलायचं कसं, ते त्याला माहीत नाही."

"आमच्या नव्या साहेबावानी," भाऊ म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

डबीवरचं नाव काही कामाचं नव्हतं. आतली चिप कुठली ते शोधावं लागलं. एका अनोळखी माणसानं त्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला तिच्याशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता. तो उतरवायचा, आपल्याच यंत्रावर बांधून घ्यायचा, आणि लिनक्सचा गाभा बदलला की तो आपोआप पुन्हा बांधला जाईल अशी सोय करायची. नाहीतर एक अपडेट आलं की वायफाय गायब. हे सगळं बसायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली तेव्हा भाऊंनी माझ्यासाठी कॅन्टीनमधून चहा आणला. पुढच्या आठवड्यात लाइनवरचे चौदाही संगणक वायफायवर आले.

साहेबांनी मला बोलावलं. "छान झालं. आता हे सगळं लिहून काढा. मराठीत, कुणालाही जमेल असं. तुम्ही रजेवर गेलात तर काम अडायला नको."

मी मन लावून लिहिलं. अकरा पायऱ्या. कुठली आज्ञा टाइप करायची, पडद्यावर काय दिसायला हवं, नाही दिसलं तर काय करायचं. मग तो कागद मी भाऊंच्या हातात दिला आणि म्हटलं, "मी बोलणार नाही. लाइनवरच्या एका संगणकावरून वायफायचं सगळं काढून टाकलंय. वाचून तुम्हीच बसवा." त्यांनी एका बोटानं टाइप करत पाऊण तासात बसवलं. मला फार बरं वाटलं होतं. चौथीत बाईंनी शाबासकी दिल्यावर वाटायचं तसं.

दोन महिन्यांनी माझं कंत्राट संपलं आणि पुढं वाढवलं नाही. मी साहेबांकडे गेले. ते कागद चाळत म्हणाले, "आता सगळं लिहिलेलंच आहे ना? भाऊ बघतील." मी भाऊंना सांगायला गेले, तर त्यांना आधीच ठाऊक होतं. "वरून आलंय ताई, आमी काय करनार," एवढंच म्हणाले आणि पॅनेल उघडायला निघून गेले. चार वाजता मी पिवळी पट्टी गेटवर जमा केली.

नंतर एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, काळेवाडीत माझ्या घरी मी मेथी निवडत बसले होते. भाऊंचा फोन आला.

"ताई, सा नवीन कंप्युटर आलेत. तुमचा कागद चालंना. सातव्या पायरीला लाल लाल काय तरी येतंय."

त्यांनी ते एकेक अक्षर करत वाचून दाखवलं. दुसऱ्या शब्दालाच माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हर बांधायचा तर लिनक्सच्या गाभ्याच्या काही जोडफायली यंत्रावर आधी असाव्या लागतात. जुन्या संगणकांवर त्या मी फार पूर्वी दुसऱ्याच कामासाठी टाकल्या होत्या. म्हणून तिथं कधी अडलंच नाही, आणि कागदात ती ओळ आलीच नाही. मी ताबडतोब आज्ञा सांगितली. त्यांनी टाइप केली. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं."

मग मागून साहेबांचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. "म्हणजे माहीत होतं तिला. बघा."

"साहेब, राहून गेलं," मी म्हटलं. "जुन्या यंत्रांवर ते आधीच होतं. भाऊ, तुम्ही स्वतः कागद बघून बसवलं होतं ना? सांगा की त्यांना."

 भाऊ हळू आवाजात म्हणाले, "ताई, एका शब्दात वळखलं तुमी. ती ओळ मुद्दाम मागं ठेवली व्हती व्हय?"

उत्तर दिलं नसतं तर मी अडवणूक करणारी ठरले असते. दिलं, तर लपवणारी ठरले. मी फोन ठेवला. मेथी तशीच राहिली.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. चाकणला दुसऱ्या एका कारखान्यात माझं जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी जुन्या ठिकाणी चौकशी केली, आणि मग मला बोलावून तिथला माणूस सरळ म्हणाला, "काम येतं तुम्हाला, त्यात प्रश्न नाही. पण तुम्ही माहिती हातची राखून ठेवता असं ऐकलं." मी त्याला जोडफायलींचं समजावू लागले. त्यानं घड्याळ बघितलं. अर्ध्यातच मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. खरं सांगायला इतकी वाक्यं लागत नाहीत, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता मी सांगवीत एका शिकवणी वर्गाचे संगणक सांभाळते. आठ यंत्रं आहेत. कुणी माझ्याकडून काही लिहून मागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ काळेवाडीला घरी आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. सोबत बायको होती. काही घडलंच नव्हतं असे बोलत होते. पुलावरचं ट्रॅफिक, ऊन, मांडवाचा खर्च. मी चहा केला, त्यांच्या बायकोला कुंकू लावलं. चपला घालताना ते थांबले.

"त्या येळी तुमी बी जरा रागातच फोन ठेवला, ताई. साहेबाला मग तेच खरं वाटलं."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मला काय त्यातलं कळतंय," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.

लग्न रविवारी होतं. माझं त्या दिवशी काहीच काम नव्हतं. मी गेले नाही.