अक्काचं नवं सिंक

ओल्या सिमेंटचा वास मला एरवी फार प्रिय. घरात काहीतरी नवं उभं राहत असल्याची ग्वाही त्यात असते, सुख उंबऱ्याशी आल्याचा शकुन असतो. पण गेला आठवडाभर उमरग्याच्या आमच्या स्वयंपाकघरात तो वास कोंडून राहिला आहे आणि नाकात शिरला की मला माझीच लाज वाटते. मायेइतकी आंधळी गोष्ट जगात दुसरी असेल का हो!

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर तेरखेड्याचं. नवऱ्यामागे ती तिथं फटाक्यांच्या वाती वळायला जायची आणि एका दुपारी दारूनं पेट घेतला. जीव वाचला, बोटंही वाचली. पण जखमा भरताना दोन्ही कोपरं आखडली ती कायमची. तिचे हात तेव्हापासून पुढं धरलेलेच असतात, कुणाचं तान्हं घ्यायला धरावेत तसे. ती आमच्याकडे राहते. तिला भाकरी थापता येत नाही, धुणं पिळता येत नाही. वेणी माझी बायको सुमन घालते. उथळ सिंकमधली भांडी मात्र तिला घासता यायची, आणि तेवढं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. सुमन मध्ये आलीच तर म्हणायची, "सुमे, सरक तिकडं. भांडी घासून जेवती म्या, पाव्हणी न्हाय."

त्या उथळ सिंकमधून पाणी उसळायचं. अक्काचं लुगडं पुढून सदा ओलं आणि थंडीत त्या ओलीनं भाजलेली कातडी चिरायची. मला ते बघवेना. मोठ्या हौसेनं मी दहा इंच खोल, आरशासारखं लखलखीत सिंक आणलं. जुनं जेमतेम सहा इंचांचं होतं.

नळकाम करणारे रशीदभाई भिंतीकडे बघून म्हणाले, "साब, सिंक खोल गेलं की त्याचं पाणी सोडायचं तोंड बी खाली आलं. भिंतीतलं भोक हाय तिथंच. पाणी काय वर चढत न्हाय." लवचीक नळी वळवून भागलं असतं, पण तिच्या पोटात खरकटं साचून दुर्गंधी सुटली असती. "फोडा भिंत," मी ऐटीत म्हणालो, "अक्काच्या कामात कसूर नको." दोन दिवस छिन्नी चालली. भोक पाच इंच खाली उतरलं, वास अडवणारा वाकडा ट्रॅप नवा बसला, उतार मिळावा म्हणून बाहेरच्या चेंबरचं तोंडही खाली घ्यावं लागलं. पारदर्शक नळीत पाणी भरून रशीदभाईंनी दोन्हीकडची पातळी तीन-तीनदा ताडून पाहिली. पाण्याची केवढी ही मनधरणी!

पहिला तांब्या ओतला तसं पाणी खळखळत निघून गेलं. मग अक्का एक ताटली घेऊन पुढं आली. वाकली. आणखी वाकली, ओट्याची कड पोटात रुतेपर्यंत वाकली. तिची बोटं तळापासून चार अंगुळं वर लोंबत राहिली.

आम्ही भिंत मोजली, पाइप मोजला, उतार मोजला. अक्काचा हात कुणी मोजला? आणि सगळ्यात क्लेशकारक गोष्ट मला नंतर कळली. सिंक खोक्यातून काढून ओसरीवर ठेवलं होतं, त्याच संध्याकाळी अक्कानं त्यात हात घालून पाहिला होता. सुमननं ते पाहिलं, पण तिला त्याचा अर्थ उमगला नाही.

"मग बोलली का न्हाईस?" मी अक्काला विचारलं.

"लई हौसेनं आणलंस रे आप्पा. तुझं मन कसं मोडू?"

तळ वर यावा म्हणून सिंकमध्ये पालथी परात ठेवून पाहिली. पाण्याची वाट बुजते, भांडी घसरतात. जुनं सिंक भंगारात गेलं. पुन्हा उथळ बसवू म्हटलं तर ती उसळली, "माझ्यापायी परत वटा फोडायचा? एवढी लाडाची न्हाय म्या." तरी मी रशीदभाईंना निरोप धाडला आहे. त्यांच्या हातात दुसरं काम आहे, ते उरकलं की येतील. तोवर भांडी सुमन घासते, आणि चटचट घासते. चूक तर मी निस्तरेनही. पण एवढ्या दिवसांत अक्काला कळून चुकलं आहे की तिच्यावाचून या घराचं काही अडत नाही. हे कळलेलं पुसायला कुठला गवंडी आणू?

काल जेवायला बसलो. सुमननं अक्काच्या ताटात रोजच्यासारखी भाकरी वाढली. अक्कानं ती सावकाश मोडली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली.