शार्कच्या दाताची मोडकी कड

रोज समुद्रावरून परतली की ती उंबऱ्यावर बसून बूट आपटायची. पडलेली वाळू झाडण्याआधी बोटांनी चाळायची. एखादा बारका दात तळाला चिकटून आला असेल, तर केरात जायला नको. आत नवरा कवळीसाठी मेण वितळवत असायचा.

"अगं, दार मोकळं कर, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे की. त्यालाही दातच हवेत."

गल्लीत त्याला कवळीवाले म्हणत आणि तिला दातवाली. भरती ओसरली की ती कड्याखालच्या किनाऱ्यावर वाकून चालायची. कडा ढासळत राहायचा आणि लाखो वर्षांपूर्वीच्या शार्कचे दात त्यातून निखळायचे: काळे, जड, दगड झालेले. बहुतेक मोडके.

"वहिनी, कंबर मोडून आणता काय, तर मेलेल्या माशाचे दात!" नणंद म्हणायची.

"मग जिवंत माशाच्या तोंडात हात घालू?"

एका हिवाळ्यात तिला तळहाताएवढा दात सापडला. एका बाजूची कड अजून करवतीसारखी बोटाला लागत होती. दुसरी पार तुटलेली. गावाच्या छोट्या संग्रहालयात हा दात आणि खाली आपलं नाव असावं, एवढंच तिच्या मनात आलं. आजवर तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ती दात घेऊन गेली, तेव्हा संग्रहालयाच्या अध्यक्षांनी तो उलटसुलट करून परत दिला.

"मोडका आहे, बाई. मधल्या कपाटात आपण अखंड वस्तूच ठेवतो."

त्या दिवशी ती घरी आली आणि वाळू न चाळताच झाडू मारला. नवऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. मग त्याने त्याला येत होतं तेच केलं. अध्यक्षांचा विचार बदललाय, दात मीच पोचवतो, असं तिला सांगितलं. तुटलेल्या बाजूचा साचा घेतला, अॅक्रिलिकमध्ये काळा रंग कालवला, बारीक कानशीने दाते पाडले. इतकं मन लावून त्याने कुणाचं तोंड भरलं नव्हतं. दात अखंड झालेला बघून अध्यक्ष खूश. कसा झाला, ते त्यांनी विचारलं नाही.

संग्रहालयाच्या नव्या मांडणीच्या उद्घाटनाला ती ठेवणीतले कपडे घालून गेली. मधल्या कपाटात दिव्याखाली दात चकाकत होता, खाली तिचं नाव. नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती काचेवर वाकली आणि तशीच राहिली. नवऱ्याच्या कानशीची चाल तिला ओळखू येणार नाही, असं त्याला वाटलं तरी कसं होतं?

"हा कुणाचा दात?" तिने विचारलं.

"तुमचाच की, बाई!" अध्यक्ष हसले.

"माझा मोडका होता. ही अर्धी बाजू कवळी आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नवऱ्याने तिचा दंड धरला. "अगं, हळू बोल, लोक बघतायत."

"बघायलाच आलेत ना? मग खरं बघू देत. कपाट उघडा."

"नावाची पाटीही काढावी लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"काढा. नाव माझं आहे, माझ्याबरोबर घरी येईल."

घरी आल्यावर तिने दात त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवला. "लावलंत तुम्ही, काढाही तुम्हीच."

तो कानस घेऊन घासू लागला. "मी तुझ्यासाठीच केलं होतं गं."

"ठाऊक आहे. नाहीतर तिथेच तुमची शोभा केली असती." ती शेजारी बसली. "काहीतरी टणक चावताना त्या शार्कचा दात तुटला असेल. एवढं मोठं जनावर, एवढा जोर. तेच तुम्ही बुजवलंत."

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडच्या खिडकीतल्या नमुन्याच्या कवळ्या तिने उचलून आत ठेवल्या.

"अगं, मग गिऱ्हाईक यायचं कसं?"

"ज्याचे दात पडलेत तो घर शोधत येईल."

खिडकीत तिने आपले मोडके दात मांडले, मोठा मधोमध, तुटकी कड रस्त्याकडे करून. येणारे-जाणारे थबकू लागले. एकदा अध्यक्षही छत्री मिटून बराच वेळ उभे होते. तिने पाहिलं, पण त्यांना आत बोलावलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ती समुद्रावर गेली नाही. छातीत जड वाटतंय म्हणून खुर्चीत बसून राहिली. तो डॉक्टरांना आणायला धावत निघाला, तेव्हा तिने खिडकीकडे बोट केलं.

"जाता जाता ती काच बाहेरून पुसा हो. कुणीतरी नाक टेकवून गेलंय."