पलीकडची चाकोरी

पुलाच्या त्या अंगाला माझे चुलत दीर बसतात, या अंगाला आमचे हे. धंदा दोघांचा एकच, चपला-बूट शिवायचा. पण गिऱ्हाईक बघाल तर सगळं तिकडे! आमचे हे आरी हातात धरून नदी बघत बसणार. डबा घेऊन गेले की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

कारण मला पाठ होतं. पूल जुना, गाड्या-जनावरांच्या काळातला. माल भरलेल्या गाड्या शहरात यायच्या दिरांच्या अंगाने, रिकाम्या परतायच्या आमच्या अंगाने. म्हणून तिकडच्या दगडात चाकांनी चार बोटं खोल चाकोरी पडली. गाड्या गेल्या, बस आल्या, त्याही बंद झाल्या. आता नुसती पायी वर्दळ. चाकोरी मात्र तिथेच. कामावर निघालेल्या बाईच्या चपलेची टाच तिच्यात अडकली की मोडलीच, आणि समोर भाऊजी हजर. आयत्या बिळावर नागोबा! सासऱ्यांनी म्हणे सावली बघून ही बाजू धरली. सावली काय चाटायचीय? जावेच्या कानात नव्या कुड्या दिसल्या की मला घास गिळायचा नाही.

हे म्हणायचे, "असू दे गं."

"असू दे काय? तुमच्या हाताला काय कमी आहे?"

हे दोरा ओवत राहायचे.

यंदा एक आजोबा तिथे ठेचकाळून पडले आणि नगरपालिकेने चाकोरी बुजवून टाकली. मला आभाळ ठेंगणं झालं! जावेला मुद्दाम विचारलं, "आता कसं व्हायचं हो तुमचं?" ती नुसती हसली. मेली हसते कशी, तेच मला कळेना.

थोड्या दिवसांनी डबा घेऊन पुलावर गेले. आमच्याच बाजूने एक मुलगी येत होती. अगदी यांच्यासमोर तिचा पट्टा तुटला. यांनी ऐरण पुढे ओढली. तिने चप्पल हातात घेतली आणि लंगडत पलीकडे गेली. मागून एक मास्तर आले, पिशवीत फाटके बूट. तेही पलीकडेच.

"डोळे फुटलेत का या लोकांचे?" मी म्हणाले.

"नाही गं. त्याचा टाका वर्षभर हलत नाही. माझा उसवतो. आम्ही शिकत होतो तेव्हापासून असंच आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू चाकोरीला शिव्या द्यायचीस," हे म्हणाले. "मला बरं वाटायचं."

मी डबा उघडला आणि पलीकडची गर्दी यांना दिसू नये अशी मध्येच बसले.