डेअरीवरचं बीपी

उपकेंद्रात बसून बीपी तपासायचं म्हटलं, तर भूमकडच्या आमच्या गावात दिवसभर माशा माराव्या लागतात. इथला शेतकरी म्हशीनं एक वेळ वैरण खाल्ली नाही की डॉक्टर बोलावतो आणि स्वतः मात्र चालता येईनासं झाल्यावरच दवाखान्यात येतो. मी याच गावचा आणि इथलाच आरोग्यसेवक. शेवटी टेबल उचललं आणि सकाळी दूध डेअरीच्या दारात मांडलं. किटल्या घेऊन सगळं गाव तिथं येतंच.

डेअरीत प्रत्येकाच्या दुधाची फॅट मोठ्यानं सांगतात. रांगेतले सगळे ऐकतात. मीही तसेच बीपीचे आकडे ओरडून सांगू लागलो. ही अक्कल माझीच, वरून आदेश वगैरे काही नव्हता. तीन दिवस सगळ्यांचं बीपी चांगलं निघालं आणि मी वैतागलो. साहेबांना दाखवायला एखादा तरी रुग्ण नको? चौथ्या दिवशी माझे सख्खे चुलते येऊन बसले, दाढेत तंबाखू धरून. एकशे नव्वद. पुन्हा घेतलं, तरी तेवढंच.

"वा!" मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण म्हणालो, आणि आकडा सगळ्या रांगेला ऐकवला.

चुलते छाती काढून उठले. जिथं जास्त फॅटला जास्त भाव, तिथं जास्त बीपीला मान मिळणारच. त्यांच्या मागचा एकशे वीसवाला हिरमुसला आणि मशीन नीट लाव म्हणाला.

डॉक्टरांनी चुलत्यांना गोळ्या लिहून दिल्या. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, गोळी चुकवू नका, असं भाषण मी दिलं. त्यांनी मान डोलावली. दर आठवड्याला आकडा तेवढाच यायचा आणि चुलते खुशीत घरी जायचे. मी चुलतीच्या खारवलेल्या मिरच्यांना दोष दिला. तिनं दोन दिवस मला चहा विचारला नाही.

मग एका सकाळी रांगेतच त्यांनी किटली खाली ठेवली आणि छाती धरली. थंडीत घामानं सदरा भिजला होता. पित्त झालंय म्हणाले, सोडा मागितला, आणि दूध घातल्याशिवाय रांग सोडायला तयार होईनात. छातीत दुखलं तर काय करायचं यावर मी गावभर भाषणं दिली होती. त्या क्षणी मला एक शब्द आठवेना. चौघांनी त्यांना उचलून दुधाच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसवलं. भूमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन पुढं धाराशिवला पाठवलं. वेळेत आणलंत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चुलतीनं वॉर्डात पिशवी उघडली. महिन्याच्या गोळ्या, एकही न फोडलेली. मी चिडलो. शिकलेल्या पुतण्याची किंमत नाही, असं बरंच काही बोललो. चुलत्यांनी ऐकून घेतलं.

"गोळी घेतली असती तर आकडा उतरला असता," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन दिवस टेबलावर तोंड पाडून बसला हुतास. म्हाझा आकडा बघून वा म्हणलास. मला वाटलं, पोराच्या उपयोगाला आलो."

मी जिन्यात जाऊन रडलो. त्यांचं हृदय सांभाळायला निघालेला मी, आणि ते माझं मन सांभाळत बसले होते.

आता मी आकडे ओरडत नाही. ज्याचा त्याला कानात सांगतो. परवा चुलते पुन्हा टेबलाशी बसले, तंबाखूशिवाय. एकशे अठ्ठावीस. त्यांनी स्वतःच वाकून वाचला आणि रांगेला सांगितला. पाणी घातलं वाटतं, मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. चुलते हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी उभा राहिलो आणि सगळ्या डेअरीला ऐकू जाईल असा "वा!" म्हणालो.