पोट न फाडता

सर्जननी ह्यांचं पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. कॅन्सर सगळीकडं पसरला होता... सांगलीतल्या कुत्र्यांच्या पोटात दुर्बीण घालणारा हा माणूस, स्वतःचं पोट दुखायचं तेव्हा नुसता सोडा प्यायचा! "अगं, ॲसिडिटी आहे." जाऊन दीड महिना झाला, पण माझा राग अजून जात नाही.

ह्यांनी दुर्बीण घेतली तेव्हा लोक हसले होते. कुत्र्याला कशाला असले लाड? मग एकदा आटपाडीकडचा मेंढपाळ बिरा कुत्रं खांद्यावर टाकून दवाखान्यात आला. भाकरी बांधलेलं फडकं त्यानं भाकरीसकट गिळलं होतं. "आवं डाक्टर, पोट फाडू नगा. टाकं घातल्यावर त्ये चालायचं न्हाई, आन मेंढरं तर उद्या हालणार." ह्यांनी भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली, बारक्या चिमट्यानं फडकं धरलं आणि हळूहळू ओढून काढलं. अख्खं! मग नेहमीसारखे गोणपाटावर मांडी घालून बसले, कुत्र्याचं डोकं मांडीवर. ते शुद्धीवर येईपर्यंत उठायचं नाव नाही. वर घरात ताट गार. मी ओरडले की म्हणायचे, "डोळे उघडल्यावर त्याला कुणीतरी दिसायला नको?" दुसऱ्या दिवशी कुत्रं मेंढरांमागं चालत गेलं.

ऑपरेशननंतर ह्यांना आयसीयूत ठेवलं तेव्हा मी बाहेर बाकावर होते. आत बसू देत नाहीत. नंतर नर्स म्हणाली, "मध्ये एकदा डोळे उघडले होते. इकडंतिकडं बघत होते..." मग परत उघडलेच नाहीत.

मागच्या आठवड्यात बिरा आला. तेच कुत्रं, तीच खोड. "वैनी, डाक्टर कुठं हाईत?" मी फोटोकडं बोट केलं. दुर्बीण कपाटात आहे, चालवणारं कुणी नाही. ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट उघडलं, फडकं काढलं, पण आतडं काळं पडलं होतं. "शुद्धीवर येईल असं वाटत नाही," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

कोपऱ्यातलं गोणपाट मी ओढलं. इतक्या वर्षांत त्यावर कधी बसले नव्हते. कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता, मग तोही थांबला. बिरानं दोनदा हाक मारली.

"वैनी, ग्येलं त्ये. उठा आता."

"बस रे जरा," मी म्हणाले. "डोळे उघडले तर?"