खालच्या टाकीवरचं झाळकाम

बोटीच्या इंजिनरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवणं हेच पोटापाण्याचं काम. तरी घरची गाडी तापायला लागली तेव्हा तिचं दुखणं शोधायला मला दीड महिना लागला.

गाडी वडिलांची, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. मी समुद्रावर असताना तिला सांभाळलं माझ्या मित्राने. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. त्याचं गॅरेज शहराबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर आहे. माझ्या पाठीमागे तो आठवड्याला एकदा घरी येऊन गाडी चालू करायचा, बायकोला बाजारात न्यायचा, मुलगी तापली तर डॉक्टरकडेही तोच न्यायचा. बोट धक्क्याला लागली की घरच्यांच्या आधी मी त्याला फोन करायचो.

गेल्या वर्षी माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर गाडी चालवायची नव्हती. मित्र म्हणाला, तोवर माझ्याकडे ठेव, गंज काढून रंग मारतो. गाडी चकचकीत होऊन परत आली. पाऊस सरल्यावर ही आणि मी मुलीकडे मालगुंडला निघालो आणि आरे-वारेचा चढ चढताना काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटखालून वाफ यायला लागली. इंजिन थंड होईपर्यंत तासभर रस्त्याकडेला बसलो. हिने कुरकुर केली नाही. लेकीच्या घावनांचं आता चामडं झालं असेल, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मित्र आला. ऐकून म्हणाला, "गाडी म्हातारी झाली मेल्या, आपल्यासारखी. तापणारच."

मला ते पटलं नाही. इंजिन म्हातारं झालं म्हणून तापत नाही. कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं. मी एकेक गोष्ट बघायला घेतली. ऑइल काढून पाहिलं. त्यात पाणी मिसळलं असतं तर ते दुधट दिसलं असतं, तसं नव्हतं. म्हणजे हेडचं गॅस्केट शाबूत. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, ठीक होता. थर्मोस्टॅटची झडप काढून हिच्या चहाच्या पातेल्यात उकळला. पाणी तापल्यावर ती बरोबर उघडली. पातेलं मात्र ही परत घेईना. मग वॉटर पंप उतरवला, नवा बसवला. तरीही चढ लागला की काटा वर.

या सगळ्यात मित्र माझ्याबरोबर असायचा. दुपारी गॅरेज बंद करून यायचा. एक डोळा नुकताच उघडलेला, दुसरा अजून धूसर, त्यामुळे मला आतलं नीट दिसत नसे. तो टॉर्च धरायचा, पाने हातात द्यायचा. रेडिएटर उतरवू का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, तो मी रंगाच्या वेळी साफ केलाय, त्याला हात लावू नको, जुनं पितळ, फाटेल. मी लावला नाही.

एक दिवस तो कामासाठी दाभोळला गेला होता. मी एकटाच होतो. इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश हात फिरवला. वरची बाजू चटका बसेल अशी, पण मधला मोठा पट्टा जवळजवळ गार. आतल्या नळ्या तुंबल्या होत्या, गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं. साफ केलेला रेडिएटर असा तुंबत नाही. गाडी निवल्यावर मी तो उतरवला आणि पडवीत आणून पालथा घातला.

खालची टाकी गुळगुळीत होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका रजेत, दगड लागून आमच्या रेडिएटरची खालची टाकी गळत होती. याच पडवीत बसून मी ती कथील-शिसं वितळवून झाळली होती. झाळ जास्त झाला आणि आंब्याच्या बाठ्याएवढा गोळा राहिला. मित्राने त्यावरून मला वर्षानुवर्षं चिडवलं होतं. इथे गोळा नव्हता, घासल्याची खूण नव्हती. वर ताजा काळा रंग आणि बोल्टची भोकं कानशीने वाढवलेली.

सकाळी तो रेडिएटर रिक्षात घालून मी गॅरेजवर गेलो. मित्र चहा पीत होता. मी तो त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "हा माझा नाही."

त्याने कप खाली ठेवला. तुझा नाही म्हणजे काय, असं त्याने विचारलं नाही. मग खाली बघत सगळं सांगितलं. मुंबईचा एक हौशी माणूस तशीच गाडी नव्यासारखी करत होता. त्याला अस्सल पितळी रेडिएटर हवा होता. त्याच्याकडे जुन्या गाड्या पुष्कळ, पुढचं सगळं काम मिळेल अशी आशा. माझा रेडिएटर त्याला गेला आणि भंगारातला एक रंगवून मला बसवला.

"तुझी गाडी जाते किती?" तो म्हणाला. "बाजारापर्यंत. वाटलं, चालून जाईल."

"आणि दीड महिना टॉर्च धरून उभा होतास."

"रोज सांगणार होतो. तू रोज नवीन काहीतरी उघडायचास."

रेडिएटर नेला, हे मी कदाचित पचवलं असतं. पण मी त्या इंजिनात अंधुक डोळ्याने चाचपडत असताना, जिथे दुखत नव्हतं तिथेच तो उजेड पाडत होता. रेडिएटर उचलून मी परत रिक्षात घातला.

तुंबलेला रेडिएटर मी दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेतला, नळ्या साफ केल्या, गाडीला बसवला. आरे-वारेचा चढ आता ती काटा मध्यावर ठेवून चढते. मुंबईच्या माणसाकडून आपला परत मागायचा का, असं मुलीने विचारलं. मी नको म्हणालो.

त्यानंतर मित्र दोनदा घरी आला. हिने चहा दिला. मी परसात नारळ सोलत बसलो. हिचं म्हणणं, इतकी वर्षं त्याने या घराला जपलं ते खोटं नव्हतं. तेही बरोबर आहे. म्हणून तर मला अजून त्याच्यासमोर बसता येत नाही. परवा मासळीबाजारात गाठ पडली. गाडी तापते का, त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. मग आम्ही दोघं एकाच कोळणीसमोर, आपापल्या बांगड्यांकडे बघत उभे राहिलो.